अनोळखी कुस्त्या कुठे शिकाव्यात?

आपल्या शाळेतील आठवी-नववीच्या मुलामुलींच्या तोंडी अलीकडे काही नवी नावे ऐकू येतात. सांबो, कुराश, जिउ-जित्सू, ग्रॅपलिंग. मोबाईलवर पाहिलेले असते, कुणाचा मामेभाऊ पुण्यात शिकत असतो. मग पालक आमच्याकडे येतात आणि विचारतात, हे आपल्या भागात कुठे शिकवतात? बरकतपुऱ्यात अशी पाटी नाही, काचीगुड्यातही नाही. माधापूर-गचीबावलीकडे काही जिम आहेत. पण त्यासाठी नारायणगुड्याहून मेट्रो धरायची, परेड ग्राउंडला गाडी बदलायची, पुढे हायटेक सिटीपर्यंत जायचे, आणि दमलेले पोर रात्री परत आणायचे. आठवड्यातून तीन दिवस हे करणारे पालक आम्ही अजून पाहिले नाहीत. महिनाभर उत्साह असतो, दुसऱ्या महिन्यात पावती तेवढी उरते.

या प्रश्नावर आम्ही थोडा विचार केला आहे. तो पालकांपुढे आणि विश्वस्त मंडळापुढे ठेवावा म्हणून हा लेख. आमचे मत थोडक्यात असे : पाटीवरचे नाव शोधत गावभर फिरू नये. जवळ जी अंगाला अंग भिडवणारी विद्या उपलब्ध आहे, मग ती मातीची कुस्ती असो की ज्यूडो, ती दोन-तीन वर्षे नीट शिकावी. दुर्मिळ प्रकाराकडे जाणारा रस्ता तिथूनच निघतो.

हे केवळ समाधानापुरते बोललेले नाही. २०१८ साली जकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांत कुराश हा उझबेकिस्तानचा कुस्तीप्रकार प्रथमच घेण्यात आला. आपल्याकडे बहुतेकांनी तोवर त्याचे नावही ऐकले नव्हते. त्या स्पर्धेत ५२ किलो वजनी गटात भारताच्या दोन मुलींनी पदके जिंकली. दिल्लीच्या पिंकी बल्हाराने रौप्य आणि बेळगावजवळच्या तुरमुरी गावच्या मलप्रभा जाधवने कांस्य. तुरमुरीत काय कुराशचा वर्ग होता? दोघीही मूळच्या ज्यूडोच्या खेळाडू. मलप्रभा ही सीमाभागातील शेतकरी घरातली मुलगी. तिच्या जिल्ह्यात ज्यूडोचे चांगले शिक्षण मिळत होते, ते तिने मन लावून घेतले, आणि ज्या दिवशी कुराशचे दार उघडले त्या दिवशी तिचे अंग तयार होते.

असे का होते ते समजून घेण्यासारखे आहे, कारण पालकांचा सारा गोंधळ इथेच आहे. कुस्तीचे प्रकार वेगळे होतात ते मुख्यतः तीन गोष्टींमुळे : काय धरायचे, कुठपर्यंत लढायचे आणि कशाने जिंकायचे. आपल्या मातीच्या कुस्तीत लांग धरता येते, पट काढता येतो, आणि पाठ मातीला लागली की निकाल. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली हात लावता येत नाही, पायही वापरता येत नाही. कुराशमध्ये अंगात जाड अंगरखा आणि कमरेला पट्टा असतो, लढत उभ्यानेच चालते, खाली पडल्यावर पंच दोघांना उठवतात. ज्यूडोत अंगरखा आहे आणि जमिनीवरची झुंजही आहे. सांबोत अंगरखा आहे, पायाला पेच घालता येतो, पण साध्या क्रीडा-सांबोत गळा आवळता येत नाही. ब्राझीलच्या जिउ-जित्सूचा मुख्य भर जमिनीवर, आणि तिथे हरलेला गडी थाप मारून हार मान्य करतो.

नियम इतके वेगळे, तरी शरीराला शिकावे लागते ते एकच. तोल राखणे, दुसऱ्याचा तोल घालवणे, न घाबरता पडणे, पकड सोडवणे, दम न घालवता जोर लावणे. सहा महिने नीट पडायला शिकलेला मुलगा कोणत्याही देशाच्या गादीवर उभा राहू शकतो. आणि या नव्या नावांची वंशावळ पाहिली तर तीही फार लांबची नाही. कानो जिगोरो या जपानी शिक्षकाने १८८२ साली तोक्योत कोदोकान सुरू केले आणि जुन्या युयुत्सूतून ज्यूडो घडवला. त्याच कोदोकानमध्ये शिकलेला वासिली ओश्चेपकोव्ह रशियात परतला, आणि सांबो उभा करणाऱ्यांत त्याचे नाव येते. कोदोकानचाच माएदा ब्राझीलला गेला आणि त्याच्या शिकवणीतून ग्रेसी घराण्याची जिउ-जित्सू वाढली. म्हणजे ज्या दोन नावांसाठी आपली मुले हट्ट धरतात ती दोन्ही ज्यूडोची लेकरे आहेत. आईचे घर जवळ असताना लेकीकडे वीस किलोमीटर कशाला धावायचे? (कानो स्वतः शाळामास्तर होते, मुख्याध्यापकही होते, हे आमच्या पेशाच्या अभिमानापोटी सांगून ठेवतो.)

आता आपल्या शहराकडे वळू. हैदराबादला कुस्तीचे वावडे कधीच नव्हते. जुन्या शहरातील तालमी, धूलपेठेतील आखाडे, बारकसचे अरब वंशाचे पैलवान यांची नावे आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होती. मल्लखांबाच्या उगमाची जी कथा सांगतात तिच्यातही हैदराबाद आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन पैलवान आले, त्यांनी आव्हान दिले, आणि बाळंभटदादा देवधरांनी लाकडी खांबावर स्वतःला तयार करून अलीला हरवले, अशी ती कथा आहे. आपण ती नेहमी पुण्याच्या बाजूने सांगतो. पण त्या दोघांचा दबदबा एवढा नसता तर मल्लखांबाची गरजच कशाला पडली असती?

त्याहून जुना दाखला हवा असेल तर कल्याणीचा आहे. आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातले, जे १९५६ पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्यात होते. तिथल्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात मल्लविनोद म्हणून एक प्रकरणच आहे. मल्लांचे वय व बळ पाहून त्यांचे वर्ग कसे पाडावेत, त्यांना काय खाऊ घालावे, सराव कसा घ्यावा, हे सारे त्यात येते. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी वजनगटाचा विचार आपल्या दारात झाला होता.

निजामी राजवटीच्या अखेरच्या काळात मात्र खाजगी शाळा आणि खाजगी आखाडे या दोन्हींवर सरकारच्या परवानगीचे बंधन होते. आपल्या समाजाने त्या काळात शाळा टिकवल्या, त्याचे आपण दरवर्षी वार्षिकोत्सवात स्मरण करतो. आखाड्यांचे स्मरण करीत नाही. आणि आज परवानगीचे बंधन नसताना आखाडे आपोआप ओस पडत आहेत. खरे सांगायचे तर आपल्या मुलांसाठी सर्वांत अनोळखी कुस्ती सांबो नाही, लाल मातीतली कुस्ती आहे. सांबो त्यांनी पडद्यावर तरी पाहिली आहे. ताक, लिंबू, हळद, तेल घालून मऊ केलेल्या मातीचा वास त्यांतल्या किती जणांना माहीत आहे? ढाक, कलाजंग, धोबीपछाड, मोळी, घिस्सा हे शब्द तरी किती जणांनी ऐकले आहेत? मामाच्या गावाला, सोलापूर-लातूर-उदगीरकडे जत्रेत कुस्त्या पाहिलेली काही मुले आहेत, तीही दरवर्षी कमीच होत आहेत.

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीने तो शब्द घेतला आणि कुस्तीच्या जागेला दिला. उस्तादचा वस्ताद केला. या शहरात राहणाऱ्यांना तरी हे समजावून सांगायला नको. म्हणून जुन्या शहरातल्या एखाद्या मुसलमान वस्तादाकडे मूल पाठवायचे म्हटले की काही पालकांच्या कपाळावर आठी येते, ती आम्हाला समजत नाही. बडोद्याला जुम्मादादा नावाचे मुसलमान वस्ताद होते. त्यांचे पट्टशिष्य प्राध्यापक माणिकराव, मराठी माणूस. गुरूच्या नावाने चाललेल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरातून पश्चिम भारतात किती व्यायामशिक्षक तयार झाले! त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत काढला. विद्या कुठे आहे ते पाहावे, वस्तादाचे घराणे मागाहून.

काही पालक म्हणतील, मातीत शिकून पुढे काय? स्पर्धा तर गादीवर होतात. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर खाशाबा जाधवांनी देऊन ठेवले आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे हे पैलवान १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवे होते. तरी ते सहावे आले. पुढची चार वर्षे त्यांनी नवे नियम अंगवळणी पाडले, आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर कुस्तीत आपल्याला पुढचे ऑलिंपिक पदक मिळायला २००८ साल उजाडावे लागले, म्हणजे छप्पन्न वर्षे.

खाशाबांच्या या गोष्टीतला एक भाग आमच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे, आणि विश्वस्तांनी तो जरूर लक्षात घ्यावा. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका प्राचार्याने. आम्ही विश्वस्तांकडे घर गहाण ठेवायची परवानगी मागत नाही, आमच्याकडे फ्लॅट आहे आणि तो आधीच बँकेकडे आहे. आमची मागणी त्याहून पुष्कळ लहान आहे. ती पुढे येईलच.

आता मुलींविषयी. काही माता आम्हाला हळूच सांगतात की मुलीला शिकायचे आहे, पण घरात बोलायची सोय नाही. महिलांची कुस्ती २००४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, महिलांचा ज्यूडो त्याच्या आधीपासून. आणि हा काही आजचा शोध नाही. १९२९ साली रवींद्रनाथांनी जपानहून ताकागाकी या ज्यूडो शिक्षकाला शांतिनिकेतनात आणले, तेव्हा मुलीही शिकल्या. अमर्त्य सेन यांच्या मातोश्री अमिता सेन त्यांपैकी एक. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका शाळेने जे केले ते करायला आपण अजून घरातल्यांची संमती मागत बसलो आहोत. पण मुलींच्या पालकांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. २०२३ साली देशाच्या नामवंत महिला मल्लांना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले. जागतिक पदके मिळवलेल्या मुलींवर ही वेळ येते, तर चौदा वर्षांच्या मुलीच्या आईने चार प्रश्न विचारले तर ते वस्तादाने अपमान समजू नये. समजत असेल तर त्या दारातून परत यावे.

प्रश्न कोणते ते आम्ही सांगतो, कारण पालक फीविषयी विचारतात, प्रमाणपत्राविषयी विचारतात, आणि खरे विचारायचे ते राहून जाते. पहिली गोष्ट, वर्ग चालू असताना पालकाला बसून पाहता येते का? 'आमच्याकडे पाहू देत नाहीत' म्हटले की विषय संपला. शिकवणारा स्वतः कुणाकडे शिकला, कोणत्या नियमांच्या स्पर्धा लढला, हे सरळ विचारावे. खरा माणूस आपल्या गुरूचे नाव आनंदाने सांगतो. नवख्या मुलाला पहिले काही आठवडे काय शिकवतात? उत्तर 'पडायला' असे आले पाहिजे. पहिल्याच दिवशी गळा आवळायचे पेच दाखवणाऱ्याकडे मूल ठेवू नये. तीन-तीन महिन्यांनी नवा रंगीत पट्टा आणि त्याची वेगळी फी, हा निव्वळ धंदा आहे. गादी रोज पुसतात का, नायटा झालेल्या मुलाला घरी पाठवतात का, हेही पाहावे. अंगाला अंग लागणाऱ्या खेळात त्वचारोग एका आठवड्यात साऱ्या वर्गात फिरतो. मुलींच्या सरावाला एखादी बाई हजर असते का, हे वेगळे विचारायला लागू नये, पण विचारावे.

एका गोष्टीवर मात्र आम्ही कुणाचेही ऐकणार नाही. वाढत्या वयाच्या मुलांचे वजन उतरवणे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाणी तोडायचे, घोंगडी पांघरून घाम काढायचा, हे प्रकार काही ठिकाणी शौर्य म्हणून सांगतात. १९९७ साली अमेरिकेत सहा आठवड्यांच्या आत तीन कॉलेज-मल्ल असे वजन उतरवताना मरण पावले, तेव्हा कुठे तिथले नियम बदलले. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगाट शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्यामुळे अंतिम लढतीपूर्वी बाद झाली. आदल्या रात्री तिने काय काय केले ते साऱ्या देशाने वाचले. ती प्रौढ, कसलेली खेळाडू होती. आपल्या मुलांनी जे वजन आहे त्याच गटात खेळावे. हरली तर हरू देत, जेवून हरतील.

आता ही विद्या जवळ मिळेल कशी? आम्हाला दोन वाटा दिसतात. एक, फतेह मैदान. म्हणजे आजचे लालबहादूर स्टेडियम, बरकतपुऱ्याहून फार दूर नाही. सरकारी प्रशिक्षकांकडे चौकशी करायला पालक जात नाहीत, कारण तिथे चकाचक पाटी नसते आणि फी कमी असते. कमी फीवर आपल्या लोकांचा विश्वास नाही, हे एक नवलच आहे! दुसरी वाट तालमीची. पहाटे मूल उठवून न्यावे, आठ दिवस नुसते बसून पाहू द्यावे, वस्तादाशी बोलावे. ज्याला सांबोच हवा आहे त्याने तिथून सुरुवात करावी आणि अकरावीनंतर, पाय पक्के झाले की, खुशाल माधापूरला जावे. तेव्हा तो एकटा मेट्रोने जाऊ शकेल, आणि तिथला शिक्षकही त्याला पाहून म्हणेल की हा कुठेतरी शिकून आला आहे.

पण खरे काम शाळेत व्हायला हवे. म्हणून विश्वस्त मंडळापुढे आमचा प्रस्ताव आहे. पहिला भाग, आठवड्यातून दोन संध्याकाळी सभागृह ज्यूडोच्या सरावासाठी द्यावे, मानधनावर एक अनुभवी प्रशिक्षक नेमावा, आणि आमच्या शिक्षिकांपैकी एक जण पूर्ण वेळ हजर राहावी. दुसरा भाग, हिवाळ्यात महिन्यातून एका रविवारी पहाटे मुलांना जुन्या शहरातील एखाद्या तालमीत न्यावे, पालकांच्या लेखी संमतीने. ज्यांना फक्त पाहायचे आहे त्यांनी पाहावे.

ज्यूडोच का, असे विचारले जाईल. कारण साधे आहे. कुस्तीची गादी एकसंध, जड, आणि पूर्ण मापाची म्हणजे बारा मीटर लांब, बारा मीटर रुंद. ती एकदा अंथरली की सभागृह गेलेच. ज्यूडोची गादी सुट्या तुकड्यांची असते. एक तुकडा दोन मीटर लांब, एक मीटर रुंद. बत्तीस तुकडे जोडले की आठ मीटर लांब-रुंद जागा तयार होते. सरावाला तेवढी पुरते. मंडळातील काही सदस्यांची हरकत आम्ही ऐकली आहे की सभागृह हळदीकुंकवाला, गणेशोत्सवाला आणि लग्नाला लागते, त्याच्या भाड्यावर शाळेचे विजेचे बिल निघते. हरकत खरी आहे. त्यावर आमचे म्हणणे इतकेच की सुटे तुकडे आठ मुले मिळून उचलतात आणि मंचाखाली रचून ठेवतात. मंचाखालची जागा आम्ही मोजून घेतली आहे. तिथे सध्या मोडके बाक आणि जुन्या नाटकांचे पडदे आहेत. ते हलवायचे की नाही, एवढे मंडळाने पुढच्या बैठकीत ठरवावे.